नियम जुने होतात का?



जून महिन्यात शाळा सुरू होण्याच्या सुमारास पुष्कळ घरांत एक प्रसंग घडतो. थोरल्या भावंडाची जपून ठेवलेली पुस्तके धाकट्यासाठी माळ्यावरून खाली येतात आणि तेवढ्यात कोणीतरी सांगते, "अहो, यंदा अभ्यासक्रम बदलला आहे!" झाले. सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत जातो.

विज्ञानाच्या पुस्तकांपुरते हे एका अर्थी योग्यच म्हटले पाहिजे. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो ग्रहांच्या पंक्तीतून उठून बटुग्रहांच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याआधीचे नऊ ग्रहांचे पुस्तक त्या दिवशी जुने झाले. विज्ञानात नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीची चूक सुधारते.

पण एखाद्या खेळाच्या नियमांचे पुस्तक घ्या. त्याची नवी आवृत्ती निघाली, तर जुनी आवृत्ती चुकीची ठरते का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेत आणि युरोपात गेली वीस वर्षे या प्रश्नावर एक छोटीशी बाजारपेठ उभी राहिली आहे, मोठे वाद झाले आहेत, आणि त्यातून तुमच्या-माझ्या उपयोगाचे काही धडेही मिळाले आहेत. त्यांची ओळख करून द्यावी आणि माझे मतही सांगावे, म्हणून हा लेख.

बुद्धिबळापासून तळघरापर्यंत

ज्या खेळाबद्दल मी बोलणार आहे त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो: "समोर दगडी जिना आहे, खाली अंधार आहे. काय करता?" खेळाडू आपापला बेत सांगतात. बेत साधला की फसला, हे काही वेळा सूत्रधार ठरवतो, काही वेळा फासे ठरवतात. नाटक, गोष्ट आणि गणित यांचे हे मिश्रण आहे.

या खेळाचे मूळ शोधत गेलो तर आपण फिरून आपल्याच दाराशी येतो. भारतातील चतुरंग पश्चिमेला गेला आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यावर डोंगर-नद्या मांडून युद्धाचा खेळ तयार केला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी तो आणखी वास्तव केला. मुलाने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत नकाशा होता, फासे होते, आणि निर्णय देणारा पंचही होता. हाच पंच पुढे सूत्रधार झाला.

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. डंजन म्हणजे किल्ल्याखालचे तळघर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या छपाईच्या प्रती केवळ १,०००. तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात, किंमत १० डॉलर. भूमिकाखेळाचे हे पहिले प्रसिद्ध पुस्तक समजले जाते.

भूमितीच्या विद्यार्थ्यांना यात आवडेल अशी एक गोष्ट होती. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाखेरीज या खेळात ४, ८, १२ आणि २० पृष्ठांचे फासे लागत. म्हणजे चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक या पाचही नियमित घनाकृती टेबलावर हजर! हे फासे सुरुवातीला शालेय साहित्याच्या सूचीतून मागवले जात. प्लास्टिक इतके मऊ असे की खेळता खेळता त्यांचे कोपरे झिजत.

आवृत्त्यांची रांग

खेळ लोकप्रिय झाला आणि आवृत्त्या निघू लागल्या. १९७७ पासून 'अॅडव्हान्स्ड' नावाची विस्तृत नियमावली आली. तिच्या जोडीला नवशिक्यांसाठी 'बेसिक' नावाचा सोपा संच निघाला, तोही १९८१ आणि १९८३ मध्ये नव्याने लिहिला गेला. १९८९ साली 'अॅडव्हान्स्ड'ची दुसरी आवृत्ती आली. १९९७ साली मूळ कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली. तिने २००० साली तिसरी, २००८ साली चौथी आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती काढली. २०२४ मध्ये पाचवीची पुस्तके पुन्हा सुधारली.

हे बदल शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या नव्हते. खेळाची प्रकृतीच बदलत होती. एक उदाहरण आपण गणितानेच तपासू.

१९८१ च्या बेसिक संचात पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई वगैरे गुण ठरवण्यासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज करायची असे. तीन फाशांच्या एकूण शक्यता ६ × ६ × ६ = २१६. त्यांपैकी १८ ही बेरीज फक्त एकदाच येते. १० किंवा ११ मात्र ५४ वेळा येते, म्हणजे चारात एकदा. पाचव्या आवृत्तीत सांगितलेली एक रीत अशी: चार फासे टाका आणि सर्वांत लहान संख्या सोडून द्या. आता एकूण शक्यता १,२९६ झाल्या आणि त्यांपैकी २१ वेळा १८ मिळतात. म्हणजे संभव साडेतीन पट वाढला! सरासरीही १०.५ वरून सुमारे १२.२ वर गेली. (चार फाशांची ही रीत नवी मात्र नव्हे, १९७९ च्या 'अॅडव्हान्स्ड' पुस्तकातही ती होती.)

दुसरे उदाहरण. जुन्या बेसिक खेळात नवख्या जादूगाराचा जीव किती, हे चार पृष्ठांचा फासा टाकून ठरे. फाशावर १ पडला की एका फटक्यात जादूगार गतप्राण. पाचव्या आवृत्तीत तोच जादूगार निदान सहाच्या आसपास गुण घेऊन उभा राहतो, आणि ते संपले तरी लगेच मरत नाही. वाचण्यासाठी त्याला फासे टाकण्याची संधी मिळते.

यांतले चूक कोणते आणि बरोबर कोणते? उत्तर असे की दोन्ही नाहीत. पहिल्या रीतीत बहुतेक पात्रे सामान्य निघतात आणि लवकर मरतात. म्हणून खेळाडूला जपून पावले टाकावी लागतात: फरशीवर काठी आपटून पोकळ आवाज येतो का पाहा, शत्रूशी लढण्याऐवजी त्याला चकवा. दुसऱ्या रीतीत पात्र सुरुवातीपासूनच पराक्रमी असते आणि गोष्ट लांबवर रंगते. एकीला कसोटी क्रिकेट म्हणा, दुसरीला वीस षटकांचा सामना. वीस षटकांचा सामना आला म्हणून कसोटी क्रिकेट चुकीचे ठरले, असे कोणी म्हणत नाही.

पुस्तक कसे मरते

परंतु क्रिकेटला पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. भूमिकाखेळाला लागते. प्रकाशकाने जुनी आवृत्ती छापणे थांबवले की अडचणींची साखळी सुरू होते. नव्या खेळाडूला पुस्तक मिळत नाही. जुनी पुस्तके झिजतात. त्या नियमांना धरून नवी साहसे कोणी लिहीत नाही. आणि हा खेळ एकट्याने खेळायचा नसल्यामुळे मंडळातले दोघे नव्या आवृत्तीकडे गेले की उरलेल्यांनाही जावेच लागते.

प्रकाशक तरी का थांबतो? यामागे छपाईचे साधे अंकगणित आहे. ऑफसेट छपाईत प्लेटा तयार करण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी करावाच लागतो. केवळ उदाहरणादाखल समजा की हा खर्च ५०,००० रुपये आहे आणि प्रत्येक प्रतीचा कागद, शाई, बांधणी मिळून १०० रुपये. मग ५,००० प्रती छापल्या तर एक प्रत ११० रुपयांना पडेल. ५० प्रतीच छापल्या तर १,१०० रुपयांना! थोड्या गिऱ्हाइकांचे पुस्तक या गणितातच मरते.

मागणी मात्र मरत नाही. मग जुन्या प्रती दुर्मीळ होतात आणि हौशी संग्राहकांच्या हाती जातात. १९७४ च्या त्या १० डॉलरच्या खोक्याच्या पहिल्या छपाईतील प्रतींना आज हजारो डॉलर पडतात. पण काचेच्या कपाटातले हे खोके खेळले जात नाहीत. वस्तू जिवंत राहते, खेळ नव्हे. संग्राहकांच्या बाजाराला मी नावे ठेवत नाही; पण त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुनर्जन्माची युक्ती

खरे पुनरुज्जीवन वेगळ्या वाटेने झाले. त्याच्या मुळाशी कायद्यातील एक तत्त्व आहे आणि ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरूर समजून घ्यावे.

पायथागोरसचे प्रमेय कोणाच्या मालकीचे नाही. पण त्या प्रमेयावर तुमच्या गुरुजींनी लिहिलेले पुस्तक जसेच्या तसे छापून विकण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. कल्पना सर्वांची, शब्द लेखकाचे. अमेरिकेतील १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन या हिशेबाच्या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: पुस्तकावर हक्क असला तरी त्यात वर्णन केलेल्या पद्धतीवर तो पोचत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात, निव्वळ कल्पनेवर लेखकाचा एकाधिकार नसतो, असा निर्णय दिला. खेळाचे नियम हे पद्धतीसारखेच. तीन फासे टाकून बेरीज करणे ही कृती कोणाची खाजगी मालमत्ता होऊ शकत नाही.

याच्या जोडीला २००० साली आणखी एक गोष्ट घडली. तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने स्वतःहूनच एक खुला परवाना दिला. त्यान्वये नियमांचा मोठा भाग आणि त्यातील परिभाषा इतरांना आपल्या पुस्तकांत वापरता येऊ लागली. हिशेब असा होता की इतरांनी पूरक पुस्तके लिहिली की मूळ पुस्तकाचा खप वाढेल.

जुन्या खेळाच्या चाहत्यांनी या परवान्याचा उपयोग अनपेक्षित दिशेने केला. नवे शब्द लिहून त्यांनी जुनेच नियम पुन्हा मांडले. २००६ साली निघालेल्या 'ऑस्रिक' या ग्रंथाने १९७० च्या दशकातील 'अॅडव्हान्स्ड' नियम नव्या शब्दांत आणले. २००७ चा 'लॅबिरिंथ लॉर्ड' हा १९८१ च्या बेसिक संचाचा वारस. २००८ चा 'स्वोर्ड्स अँड विझर्ड्री' तर थेट १९७४ च्या पुस्तिकांचा. अशा पुस्तकांना रेट्रो-क्लोन हे नाव पडले. त्यांचे महत्त्व केवळ नियम मिळाले एवढ्यात नव्हते. आता कोणीही त्या नियमांना धरून नवे साहस लिहून राजरोस विकू शकत होता. तुटलेली साखळी पुन्हा जुळली.

तंत्रज्ञानानेही हात दिला. संगणकावरून थेट एकेक प्रत छापण्याची सोय झाली. प्लेटा नाहीत, म्हणून ५० प्रतींचे पुस्तकही परवडू लागले. 'बेसिक फँटसी' नावाच्या खेळाची संगणक-प्रत तर फुकट मिळते आणि छापील प्रत जवळजवळ खर्चाच्या किमतीत विकली जाते. २०१९ साली आलेल्या 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स'ने १९८१ चे नियम इतक्या नेटक्या मांडणीत दिले की शोधायला गेलेला नियम चटकन सापडावा.

आणि मूळ मालक? त्याचे धोरण हेलकावे खात राहिले. २००९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने, चोरट्या प्रती निघतात म्हणून, आपल्या जुन्या-नव्या सर्व पुस्तकांच्या संगणक-प्रतींची विक्री बंद केली. पण इतर लोक जुन्या नियमांवर नवी पुस्तके विकतच होते. २०१२ साली कंपनीने पहिल्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीची पुस्तके पुन्हा छापली आणि २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांच्या संगणक-प्रती पुन्हा विक्रीला ठेवल्या. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही असे वाटले होते, त्याला गिऱ्हाईक असल्याचे दुसऱ्यांनी सिद्ध करून दाखवले होते.

२०२३ चा धडा

असो. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना २०२३ च्या जानेवारीत एक वादळ उठले. कंपनी २००० सालचा खुला परवाना रद्द समजून नवा, जाचक परवाना आणणार, असे तिच्या मसुद्यावरून उघड झाले. शेकडो छोटे प्रकाशक हादरले. ज्या जमिनीवर घर बांधले तीच परत मागितली जात होती! खेळाडूंनी मोठा निषेध केला. शेवटी २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला. शिवाय पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या, मागे घेता न येणाऱ्या परवान्याखाली सर्वांना खुला झाला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, मार्चमध्ये, 'शॅडोडार्क' नावाच्या जुन्या वळणाच्या एका नव्या खेळासाठी वाचकांकडून आगाऊ वर्गणी मागितली गेली आणि १३ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. 'बेसिक फँटसी'च्या मंडळींनी तर आपला ग्रंथ नव्याने लिहून काढून तोही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आणला. पुन्हा कोणाच्या मर्जीवर राहायला नको म्हणून.

माझे मत

आता माझे मत सांगतो. ते पटले नाही तर खुशाल वाद घाला.

पहिली गोष्ट, या बाजाराला निव्वळ आठवणींचा बाजार म्हणून हसणे चूक आहे. बालपणीची पुस्तके पुन्हा हाताळण्याचा मोह त्यात आहे, हे खरे. पण १९८१ साली जन्मलेलेही नसलेले पुष्कळ तरुण आज ते नियम आवडीने खेळतात. त्यांना कसली आठवण येणार? त्यांना ती रचना आवडते.

दुसरी गोष्ट, जुने ते सोने, हेही तितकेच चूक आहे. १९७८ च्या 'अॅडव्हान्स्ड' पुस्तकात स्त्री-पात्राच्या बळाला पुरुष-पात्रापेक्षा कमी मर्यादा घातली होती. जिथे माणसे मंत्राने अग्निगोल फेकतात, त्या जगात ही मर्यादा कशाला? १९८९ मध्ये ती काढली गेली, ते उत्तम झाले. पुनरुज्जीवन करणाऱ्याने चाळणी हातात घेतली पाहिजे. जुने नियम चालवावे की नाही याचा निकाल त्यांच्या वयावर न लावता त्यांच्या गुणावर लावावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रेट्रो-क्लोन लिहिणाऱ्यांनी जे केले ते प्रयोगशाळेत आपण जे करतो त्यासारखेच आहे. दुसऱ्याने केलेला प्रयोग आपण आपल्या हाताने पुन्हा करतो, कृती स्वतःच्या शब्दांत लिहितो, आणि ती वाचून तिसऱ्यालाही तोच निष्कर्ष मिळतो की नाही ते पाहतो. नक्कल आणि पुनरावृत्ती यांत हाच फरक आहे. मित्राची प्रयोगवही उतरवून काढणे ही नक्कल. प्रयोग समजून घेऊन स्वतःची वही लिहिणे हे शिक्षण.

लेखकाला त्याच्या शब्दांचा मोबदला मिळालाच पाहिजे. चोरून काढलेल्या प्रतींचे समर्थन मी करणार नाही. पण मालकाने छापणे थांबवले म्हणून एखादा खेळ, एखादी रीत, एखादे कौशल्य जगातून नाहीसे व्हावे, हेही मला मान्य नाही. ज्याला ते चालवायचे आहे त्याला स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या कष्टाने चालवू द्यावे. २०२३ च्या घटनेने दाखवले की ही वाट आपोआप मोकळी राहत नाही. ती वापरणाऱ्यांनीच जागे राहून राखावी लागते.

शेवटी एक छोटा प्रयोग. घरात सापशिडीचे किंवा ल्यूडोचे फासे असतील. तीन फासे २१६ वेळा टाका आणि प्रत्येक बेरीज किती वेळा आली याचा आलेख काढा. मग चार फासे टाकून लहानात लहान संख्या सोडा आणि पुन्हा तेवढ्याच वेळा मोजा. दोन्ही आलेख शेजारीशेजारी ठेवा. शिक्षकांना विनंती, संभाव्यतेच्या तासाला वर्गाचे गट पाडून हे करून पाहावे. अर्ध्या तासात काम होते.

मग वर्गाला एकच प्रश्न विचारा: यांतला कोणता नियम बरोबर? आणि कोणी "नवा तो बरोबर" असे म्हणाले, तर त्याला विचारा, "कशावरून?"